टायरची गोधडी

धुळ्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत फारसे काम नसते. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे हा बिनमुहूर्ताचा काळ आणखी एका महिन्याने लांबला होता आणि स्टुडिओत बसून पासपोर्ट आकाराचे फोटो काढणे व मागच्या हंगामातल्या अल्बमांची थकबाकी वसूल करणे एवढेच माझ्या हाती उरले होते. अशा दिवसांत पुण्याहून सरांचा फोन आला. सर वाहनांविषयीच्या एका मासिकासाठी वर्षानुवर्षे छायाचित्रे काढतात, आणि नाशिककडच्या रॅलीच्या वेळी दोनदा मी त्यांच्या लेन्सच्या पिशव्या वाहिल्या होत्या. मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत सप्टेंबरात प्रथमच भारतात होणार होती. ते स्वतः ट्रॅकच्या कडेने शर्यत टिपणार होते. गॅरेज, सामान आणि माणसे टिपायला त्यांना दुसरा माणूस हवा होता. "गाड्यांचे फोटो जगभरचे लोक काढतील, तू मांडवामागचे काढ," असे ते म्हणाले. मांडवामागचे म्हणजे काय हे मला नीट कळले, कारण लग्नात चुलाण्याजवळ घामाघूम झालेला आचारी आणि वाजंत्र्यांची कोपऱ्यात उरकलेली जेवणे यांचे मी हौसेने काढलेले फोटो, जे कोणताही यजमान अल्बममध्ये घेत नाही, ते सरांनी पाहिलेले होते.

अशा शर्यतीत छायाचित्रकार म्हणून प्रवेश मिळवणे हे तिकीट काढण्यासारखे नसते. ज्या प्रकाशनासाठी काम करणार त्याचे पत्र, पूर्वी छापून आलेल्या कामाचे नमुने, ओळखपत्र आणि फोटो असे सगळे आगाऊ पाठवावे लागते, आणि मग परवानगी येते किंवा येत नाही. माझ्या दहा वर्षांच्या कामापैकी छापून आलेली चित्रे तीन निघाली. बाकीचे सारे लोकांच्या कपाटांत मखमली डब्यांत पडून आहे. परवानगी अगदी शेवटच्या आठवड्यात आली, तीही पिटलेनचा उल्लेख नसलेली. पिटलेन म्हणजे गॅरेजांच्या समोरची, गाड्या आत-बाहेर करण्याची पट्टी. तिथे उभे राहण्याची मुभा वेगळी घ्यावी लागते, आणि ज्याला गॅरेजांचेच फोटो काढायचे आहेत त्याच्या अर्जातून नेमके तेवढेच कसे गळले याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. सरांनी दोन दिवस फोन करून ते निस्तरले.

दरम्यान मी सराव सुरू केला होता. धावत्या गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढण्याला पॅनिंग म्हणतात, आणि मला ते थोडेफार येत होते, कारण सारंगखेड्याच्या यात्रेत तापीच्या काठी रेवाल चालीने निघालेले घोडे मी दर वर्षी टिपत आलो आहे. पण घोड्याचा वेग आणि मोटारसायकलचा वेग यांत फार अंतर आहे. लळिंग घाटाच्या पायथ्याशी मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेला, रस्त्यापासून चांगले दूर एका बांधावर, मी रोज सकाळी तासभर उभा राहत असे. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवला तर गाडी स्वच्छ येते, पण चाके थिजलेली दिसतात आणि ती गाडी पंक्चर होऊन उभी आहे असे वाटते. तोच वेग शंभराव्या भागापर्यंत खाली आणला की मागची झाडे रेषा होऊन वाहू लागतात, मात्र हात जरा हलला तर गाडीही वाहून जाते. पहिल्या आठवड्यात शंभरातले दोन फोटो बरे येत होते, शेवटी शेवटी दहा-बारा येऊ लागले. आमचे मामा, ज्यांचे पारोळा रोडवर दुचाकींचे गॅरेज आहे, ते एकदा सकाळी त्या बाजूने जाताना थांबले, बराच वेळ पाहत राहिले आणि मी वाहतूक पोलिसांचे काम घेतले आहे का, असे विचारून निघून गेले.

गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि मी त्याच संध्याकाळी निघालो. बसवलेला गणपती सोडून बाहेर पडणे आईला रुचले नाही, आणि तिची समजूत काढण्यासारखे कारण माझ्याकडे नव्हते. परक्या मुलखातली माणसे मोटारसायकली पळवणार आहेत, हे कारण आरतीपुढे टिकणारे नव्हते. तरी तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. धुळ्याहून एसटीने भुसावळ, तिथून रात्रीची पंजाब मेल, पुढे दिल्ली आणि मेट्रोने ग्रेटर नोएडा, असा प्रवास झाला. भाड्याने आणलेली मोठी लेन्स मी रात्रभर उशाशी धरून होतो. तिची अनामत रक्कम माझ्या एका लग्नाच्या बिदागीपेक्षा जास्त होती.

बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा ट्रॅक फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतीसाठी बांधला गेला. हर्मन टिल्के या जर्मन स्थापत्यकाराने त्याची आखणी केली, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तिथे भारतीय ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. त्यानंतर तिथे एवढी मोठी जागतिक शर्यत झाली नव्हती. मोटोजीपीसाठी ट्रॅकमध्ये काही बदल करून त्याची लांबी ४.९६ किलोमीटर करण्यात आली होती. मी गुरुवारी सकाळी पोहोचलो तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती धूळ. प्रेक्षकांच्या उंच सज्जांपासून कुंपणाच्या जाळीपर्यंत सगळीकडे ती बसलेली होती, आणि खानदेशात उन्हाळे काढलेल्या माणसाला तिच्यामुळे उगाचच घरी आल्यासारखे वाटले. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र तसे वाटण्याचे कारण नव्हते, म्हणून लेन्स बदलायची ती बंद खोलीतच, असा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला.

गुरुवारी गाड्या धावत नाहीत, आणि मागची बाजू टिपणाऱ्याला तोच दिवस सर्वांत मोठा असतो. युरोपातल्या शर्यतींना संघ आपले सामान ट्रकांतून नेतात, पण इतक्या लांबच्या शर्यतीला सारे काही पेट्यांत भरून मालवाहू विमानाने येते. गॅरेजांच्या मागच्या बाजूला माणसाच्या उंचीच्या, लोखंडी कडांच्या, चाकांवर ढकलायच्या त्या पेट्यांच्या रांगा लागल्या होत्या. एक पेटी उघडली की तिचे दार खाली पडून ओटा होई आणि आत प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा फोममध्ये कोरलेला दिसे. एका पेटीत फक्त कापडी पुसणी होती, घडी घालून, रंगानुसार लावलेली. मी मामांच्या गॅरेजात लहानाचा मोठा झालो असल्यामुळे या पेट्यांचेच जवळजवळ दोनशे फोटो काढले. सरांनी रात्री ते पाहून हताशपणे मान हलवली. त्या आठवड्यात काही रायडरांचे आणि तंत्रज्ञांचे व्हिसा उशिरा मिळाले होते, त्यामुळे आलेल्यांपैकी काही जण न आलेल्यांचेही काम उरकत असल्याचे कानावर आले. आमच्याकडे वरातीचा बँड अर्धा पोहोचतो तेव्हा सनईवालाच ढोलही सांभाळतो, तसलाच हा प्रकार असावा.

छायाचित्रकारांना सुरक्षेच्या सूचना दिल्या गेल्या आणि अंगावर घालायचे क्रमांकाचे जाकीट मिळाले. पूर्ण पँट, बंद बूट, लाल रंगाने दाखवलेल्या जागांत पाऊल न टाकणे, मार्शल सांगेल ते तत्काळ ऐकणे आणि येणाऱ्या गाडीकडे कधीही पाठ न करणे, असा त्यांचा सारांश होता. मला या सगळ्या गोष्टी मान्य होत्या. जे जमले नाही ते यात लिहिलेलेच नव्हते.

लग्नात फोटोग्राफर हा जवळजवळ यजमान असतो. तो भटजींना थांबवतो, नवरदेवाला मान वळवायला लावतो, हार पुन्हा घालायला सांगतो आणि मामा, मावश्या, वऱ्हाडी त्याला वाट करून देतात. दहा वर्षे अशी वाट मिळत गेली की अंगाला एक सैलपणा येतो. शुक्रवारी पहिल्या सरावाच्या वेळी मी एका गॅरेजच्या तोंडाशी, उजेड छान येत होता म्हणून, निवांत उभा राहिलो. पिटलेनमधून गाडी आत वळली, त्याच क्षणी मागून एक हात माझ्या खांद्यावर पडला आणि एका मेकॅनिकने मला, घरातली खुर्ची सरकवावी तसे, दोन हात डावीकडे सरकवले. तो रागावला नाही, काही बोललाही नाही, त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी जिथे उभा होतो तिथे पुढच्या क्षणाला गाडीचे पुढचे चाक होते.

त्यानंतर तासभर मी कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहत राहिलो. त्या गॅरेजमधली प्रत्येक फरशी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याची होती. गाडी आत आली की एक जण मागचा स्टँड लावतो, कारण शर्यतीच्या गाडीला बाजूचा स्टँड नसतो. दुसरा पुढे, तिसरा संगणकाची वायर जोडायला बसतो, आणि लगोलग दोन जण टायरांभोवती विजेवर तापणारी कांबळी गुंडाळतात, कारण हे टायर गरम असल्याशिवाय रस्ता धरत नाहीत. बाहेर पडताना हेच उलट क्रमाने होते. कांबळी अगदी शेवटी निघतात. गाडीला किक नसते आणि सेल्फही नसतो. बाहेरच्या एका यंत्राचा फिरता रूळ मागच्या चाकाला लावून इंजिन जागे करतात, आणि मग जो आवाज होतो तो कानांत बोळे असूनही छातीच्या पिंजऱ्यात ऐकू येतो. हे सारे पाहून झाल्यावर रिकाम्या टायरांची चळत आणि भिंत यांच्यामध्ये, जेमतेम दीड फरशीची, एक जागा अशी दिसली की जिच्यावर कुणाचाही पाय पडत नव्हता. मी हातांनी खूण करून परवानगी विचारली, ती मिळाली, आणि पुढचे दोन दिवस जे काही चांगले काम झाले ते बहुतेक त्याच दीड फरशीवरून झाले.

तिथे उजेडाची अडचण होती. गॅरेजात वरून एलईडीचा पांढरा प्रकाश आणि बाहेर भाजून काढणारे ऊन, म्हणजे आतला माणूस नीट दिसावा तर बाहेरची पिटलेन कोऱ्या कागदासारखी पांढरी पडे. शिवाय असे काही दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतात आणि शटरचा वेग जास्त ठेवला की फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. हा उपद्रव मला मंगल कार्यालयांतल्या रोषणाईमुळे पाठ होता. आपल्याकडच्या विजेशी जुळणारा, सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागाचा वेग धरला की पट्टे जातात. सरांनी ही गोष्ट दोन परदेशी छायाचित्रकारांच्या देखत माझ्याकडून समजून घेतली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शनिवारी छोटी शर्यत, म्हणजे स्प्रिंट होती आणि तिच्या तोंडावर पावसाची जोरदार सर आली. शर्यत लांबली. ट्रॅकवरच्या छायाचित्रकारांना हा वेळ वाया गेला, माझी मात्र चंगळ झाली, कारण धावपळीत ज्यांचे चेहरे दिसत नव्हते ती माणसे आता थांबली होती. एक मेकॅनिक टायरवर बसून केळे खात होता आणि मी रावेर–यावलच्या शेजारचा असल्यामुळे ते केळे जरा जास्त पिकलेले आहे हे मला दुरूनही कळत होते. कुणी छपराच्या टोकावरून गळणाऱ्या पाण्याखाली हात धरला होता. कोरड्या रस्त्याचे आणि पावसाळी, असे दोन्ही प्रकारचे टायर तयार ठेवून एक तंत्रज्ञ आभाळाकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी मृगाच्या तोंडावर आमच्या शेतकऱ्यांची पाहिलेली आहे. स्प्रिंट होर्गे मार्टिनने जिंकली. पहिल्याच वळणावर मार्को बेझेक्कीला त्याच्याच संघातल्या लुका मारिनीची धडक बसली, मारिनीच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि बेझेक्की मागे फेकला जाऊनही पाचवा आला. हे सारे मी भिंतीवरच्या पडद्यावर पाहिले, माझ्यापासून फर्लांगभरावर घडत असताना.

रविवारची मुख्य शर्यत दुपारी साडेतीनला होती. उकाडा असह्य होता. तापमान पस्तिशीच्या घरात म्हणजे भुसावळच्या मे महिन्यापुढे काहीच नव्हे, पण पावसाने हवेत दमटपणा आला होता आणि रायडरांच्या अंगावर चामड्याचा जाड पोशाख, त्यात एअरबॅग, वर हेल्मेट. आयोजकांनी २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणली. शर्यत सुरू होण्याआधी एका रायडरच्या मानेवर ओला टॉवेल ठेवणारा माणूस मी टिपला, आणि मग पिटलेनच्या भिंतीकडे वळलो.

मोटोजीपीत रायडरशी संघाला रेडिओवर बोलता येत नाही. कोरड्या शर्यतीत पिटमध्ये थांबणेही नसते, म्हणून गाडी एकदा सुटली की गॅरेजमधल्या माणसांच्या हाती फारसे काही राहत नाही. गाडीवरच्या पडद्यावर काही संदेश जातात, पण खरा भरवसा अजूनही भिंतीवरून बाहेर धरायच्या फलकावर असतो. काळ्या फलकावर प्लास्टिकचे मोठे आकडे सरकवायचे, म्हणजे कितवा आहेस, पुढच्याशी अंतर किती, किती फेऱ्या उरल्या, आणि रायडर तासाला तीनशे किलोमीटरच्या वेगाने जाताना तो डोळ्यांसमोर धरायचा. आमच्या गावच्या कुस्त्यांच्या फडावर खडूने जोड लिहिणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांपेक्षा यात फारसे वेगळे तंत्र नाही. मी ती पूर्ण शर्यत फलक धरणाऱ्यांच्या मनगटांवर खर्च केली. मागे गर्दी ओरडत होती तेव्हा काहीतरी झाले असे समजायचे आणि नंतर पडद्यावर बघायचे.

फ्रान्सिस्को बान्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना पडला. त्याच्याशिवाय इतरही काही त्या दुपारी पडले किंवा बाहेर गेले. त्यांपैकी एका संघाचा फलकवाला भिंतीवर एकटा राहिला होता. त्याचे काम संपले होते. त्याने फलक मांडीवर घेतला, एकेक आकडा सरकवून काढला, पुसला आणि डब्यात शून्य ते नऊ अशा क्रमाने लावून ठेवला. नऊ या आकड्याला काहीतरी चिकटले होते, ते नखाने खरवडले. तोवर त्याच्या पाठीमागून इतरांच्या गाड्या दोनदा जाऊन आल्या. मी सेकंदाच्या तिसाव्या भागाने फोटो घेतला, म्हणून त्यात तो स्थिर आहे आणि मागे एक निळी रेघ आहे. ती गाडी कुणाची होती हे मला सांगता येणार नाही.

बेझेक्की मोठ्या अंतराने जिंकला. उकाड्याने मार्टिनच्या पोशाखाची चेन मध्येच उघडली गेली होती, तरी तो दुसरा आला, फाबियो क्वार्तारारो तिसरा. आणि शर्यतीनंतर मार्टिनला उभे राहणे जमेना तेव्हा माणसांनी त्याला खुर्चीत बसवून पाणी दिले. तिथली गर्दी पाहून मी पुढे घुसू लागलो. लग्नातली सवय इतक्यात कशी जाणार? मग शुक्रवारचा तो खांद्यावरचा हात आठवला आणि मी मागे सरलो. तो फोटो माझ्याकडे नाही. सरांकडे आहे, आणि चांगला आहे.

रात्री माध्यम कक्षात बसून चार दिवसांच्या सहा हजारांवर फोटोंतून साठ निवडायचे होते. प्रत्येकाखाली कोण, कुठे, कोणत्या वेळी, हे लिहावे लागते आणि शर्यतीच्या फोटोंत हे सोपे जाते, कारण गाडीवर क्रमांक असतो. बेझेक्की ७२, मार्टिन ८९, क्वार्तारारो २०. माझ्या माणसांवर क्रमांक नव्हते. "तंत्रज्ञ", "मार्शल", "तंत्रज्ञ", असे लिहिता लिहिता मला शरम वाटू लागली, कारण चार दिवस ज्यांच्याकडे बघत होतो त्यांची नावे मी विचारली नव्हती. सरांनी साठांतले सहा घेतले. फलकवाला त्यात होता, पेट्यांपैकी एकही नव्हती.

मी परतलो तेव्हा आमचा गणपती अजून बसलेलाच होता, त्यामुळे आईशी तडजोड झाली. टायरांना कांबळी गुंडाळलेल्या गाडीचा एक मोठा फोटो छापून मी मामांना नेऊन दिला. त्यांनी हात पुसून तो घेतला, दारातल्या उजेडात धरला आणि विचारले, "टायरले हाई गोधडी कसाले गुंडाळेल शे रे भो?" मी सांगितले की थंड टायर वळणावर सुटतो, म्हणून ही कांबळी विजेवर तापवून शेवटच्या क्षणापर्यंत ठेवतात. त्यांना ते लगेच पटले, कारण डिसेंबरात सकाळी गाडी का घसरते हे ते गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मग बराच वेळ त्यांनी कांबळ्याच्या वायरीवर बोट फिरवले. ती फोटोच्या कडेपर्यंत जाऊन कापली गेली होती.

"आन् लाईट गयी तं?"

मी उत्तर शोधण्यासाठी घरी येऊन संगणक लावला आणि चार दिवसांचे सगळे फोटो पहिल्यापासून चाळले. पेट्या होत्या, पुसणी होती, केळे होते. वीज कुठून येत होती, ती गेली तर काय करायचे ठरले होते, कुठे जनित्र होते का, याचा एकही फोटो नव्हता.